हेवी डिपॉझिट अडकलंय, बिल्डिंग खाली करायचीय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. मी ठाण्याला एका सुपरमार्केटमध्ये कॅश काउंटरला आहे, मिस्टर भिवंडीला गोदामात सुपरवायझर आहेत. माझा पगार हातात १४,५०० येतो, त्यांचा १९,०००. मुलगी चौथीत आणि मुलगा बालवाडीत. दीड वर्षापूर्वी आम्ही साडेतीन लाख हेवी डिपॉझिट देऊन वन आरके घेतला, भाडं नाही, फक्त मेंटेनन्स. अडीच लाख बँकेतून दिले, त्यासाठी माझे दागिने मोडले, आणि एक लाख रोख दिले. आता बिल्डिंगला अतिधोकादायक म्हणून नोटीस लागलीय, महिनाअखेर खाली करा नाहीतर लाइट पाणी तोडणार म्हणतात. मालक म्हणतो पैसे गावच्या घराला लागले, रिडेव्हलपमेंट झाली की देतो, वर म्हणतो तुमचं ॲग्रीमेंट नुसतं नोटरीचं आहे, कोर्टात जाऊन काही होणार नाही. दुसरीकडं रूम बघतोय पण आमच्या हातात ४० हजार पण नाहीत. एक एजंट म्हणतो १८ लाखात वन आरके विकत घ्या, दोन लाख भरा, बाकीचं लोन मी करून देतो, हप्ता भाड्याएवढाच येईल. मिस्टर म्हणतात पतपेढीतून कर्ज काढू आणि घेऊन टाकू, निदान परत कोणी बाहेर काढणार नाही. सासूबाई म्हणतात गावी या. दोघं कमावतोय तरी रस्त्यावर यायची वेळ आलीय, कोणाला सांगायचीसुद्धा लाज वाटते. काय करू?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, आधी लाजेबद्दल बोलते, कारण लाजेपायी माणसं कोणाला विचारत नाहीत आणि मग एजंट सांगेल तेच खरं धरतात. तुम्ही दोघं महिन्याला साडेतेहतीस हजार कमावता, कोणाचं काही बुडवलेलं नाही, दागिने मोडून डिपॉझिट उभं केलंत, आणि तरी घर सुटतंय, ह्यात तुमची चूक कुठंच नाही. काम आहे पण राहायला जागा नाही ही मुंबईची जुनी गोष्ट आहे. १९८१ साली फूटपाथवरच्या माणसांना भर पावसाळ्यात हलवायला निघाले होते तेव्हा ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात कोर्टानं मानलं की ही माणसं कामापाशी राहता यावं म्हणून तिथं राहतात आणि पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हा शेजारणीला सांगा, बहिणीला सांगा, तुमच्या स्टोअरच्या मॅनेजरलाही सांगा. रूम बहुतेक वेळा अशाच ओळखीतून मिळते.

आता बिल्डिंग. ती खाली करा, आणि शक्य असेल तर तारखेची वाट न बघता करा. डिपॉझिट मिळेपर्यंत हलणार नाही असं बरेच भाडेकरू ठरवतात, मला त्यांचा राग समजतो, पण अतिधोकादायक म्हणजे सी-१ हा वर्ग राहण्यालायकच नाही म्हणून दिलेला असतो. मुंब्र्याला २०१३ मध्ये लकी कंपाउंडची बिल्डिंग पडली तेव्हा ७४ माणसं गेली. साडेतीन लाख तुमचे आहेत आणि ते मागायचेच आहेत, पण त्या छताखाली मुलं झोपवून नाही मागायचे.

मात्र गुपचूप निघू नका. निघायच्या आधी प्रभाग कार्यालयात जाऊन एक साधा अर्ज द्या: आम्ही अमुक रूममध्ये अमुक तारखेपासून राहतो, नोटीस मिळाल्यामुळं खाली करतोय, राहणाऱ्यांच्या यादीत आमचं नाव घ्यावं. पोच घ्या, शिक्का मारून. नोटिशीची कॉपी घ्या, फोटो पण काढून ठेवा. स्पष्ट सांगते, लिव्ह अँड लायसन्सवर म्हणजे ठरावीक मुदतीच्या ॲग्रीमेंटवर राहणाऱ्याला रिडेव्हलपमेंटमध्ये घर मिळत नाही, ते मालकाला किंवा जुन्या पागडीवाल्याला मिळतं, त्यामुळं ती आशा ठेवून थांबू नका. पण ह्या कागदांवरून घर का आणि कधी सुटलं ते सिद्ध होतं, आणि डिपॉझिट मागताना तेच लागणार आहे. चावी देताना रिकाम्या रूमचा व्हिडिओ काढा आणि मालकाला व्हॉट्सॲपवर लिहा की आज ताबा दिला, आमचे साडेतीन लाख बाकी आहेत.

तिथं प्रभाग कार्यालयात अजून एक गोष्ट नक्की विचारा, ह्या बिल्डिंगला पहिली नोटीस कधी गेली होती. तीस वर्षांच्या वरच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावंच लागतं, आणि बऱ्याचदा शेवटच्या नोटिशीआधी एकदोन नोटिसा येऊन गेलेल्या असतात. तोंडी सांगत नसतील तर माहिती अधिकारात विचारा. तुमच्याकडून पैसे घेतले तेव्हा मालकाच्या हातात आधीच धोकादायकची नोटीस होती असं निघालं, तर हा नुसता पैशांच्या वादाचा विषय राहत नाही, लपवून पैसे घेतले म्हणून फसवणुकीची तक्रार देता येते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. मग पोलिसांनी हे सिव्हिल मॅटर आहे म्हणून परत पाठवलं तरी लेखी तक्रार देऊन पोच घेऊनच बाहेर पडा.

नोटरीच्या ॲग्रीमेंटवरून मालक तुम्हाला घाबरवतोय ना, त्याला स्वतःलाच त्याची भीती वाटली पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ वाचा. लिव्ह अँड लायसन्सचं ॲग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर असलंच पाहिजे, आणि ते रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. रजिस्टर केलेलं नसेल तर अटी काय ठरल्या होत्या ह्याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. आणि रजिस्टर न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे त्याला शांतपणे एकदा ऐकवा. तुमच्या नोटरीच्या कागदात पूर्ण साडेतीन लाखांचा आकडा लिहिलाय का ते आजच बघा. लिहिला असेल तर रोखीच्या एक लाखाचा प्रश्नच मिटला. नसेल तर भांडण पेटायच्या आधी व्हॉट्सॲपवर सहज विचारा, "दादा, आमच्या साडेतीन लाखातले आत्ता किती देऊ शकाल", आणि तो "आत्ता एवढेच जमतील" असं काही लिहील तो स्क्रीनशॉट आणि मूळ मेसेज दोन्ही जपून ठेवा.

वकिलाला द्यायला पैसे कुठून आणायचे असं मनात येईल. द्यायचे नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, त्यामुळं अर्ज मिस्टरांच्या नाही, तुमच्या नावाने करा. कल्याण कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे, १५१०० ह्या नंबरवर फोन करून पण विचारता येतं. त्यांना सांगा की केस टाकायच्या आधी मालकाला बोलावून समेट करायचाय. कोर्टाच्या शिक्क्याचं पत्र घरी आलं की बरेच मालक बोलायला तयार होतात. तिथंही सगळे साडेतीन लाख एकदम द्या असा हट्ट धरू नका असं माझं मत आहे, तुम्हाला आत्ता नव्या रूमचं डिपॉझिट हवंय, म्हणून लाखभर तरी लगेच आणि बाकीच्याचे पुढच्या तारखांचे चेक घ्या, आणि हे सगळं एका लेखी समझोत्यात लिहून घ्या. चेक बाउन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली केस होते, बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची असते एवढी एक तारीख विसरायची नाही. तोंडी शब्दावर अजून एक दिवस पण थांबू नका.

आता एजंटच्या १८ लाखांच्या घराबद्दल, आणि हे मला मिस्टरांना पण सांगायचंय, त्यांनी पण वाचा. दादा, परत कोणी काढणार नाही असं घर हवंय हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, कोणाला नको असतं? पण तुमच्याच डोंबिवली-कल्याणमधल्या ६५ बिल्डिंग आठवा. महापालिकेच्या परवानग्या खोट्या बनवल्या, त्या खोट्या कागदांवर महारेराचे म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचे नंबर मिळवले, लोकांनी नंबर बघून विश्वास ठेवला, बँकांनी लोन दिलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टानं सांगितलं की ह्या बिल्डिंग पाडा. तिथं घर घेतलेली माणसं तुमच्यासारखीच होती, कुठंतरी भाड्याने राहून कंटाळलेली आणि एकदाचं आपलं घर होईल म्हणून जमवलेलं सगळं घालून बसलेली. नालासोपाऱ्याला अग्रवाल नगरीत ४१ बिल्डिंग २०२५ च्या सुरुवातीला पाडल्या, त्या सांडपाणी प्रकल्प आणि डंपिंगसाठी राखीव जमिनीवर होत्या. घर जायला आलंय ह्या घाईत असलेल्या माणसालाच ही स्वस्त घरं विकली जातात, आणि तो दुसऱ्यांदा बेघर होतो, ह्या वेळी डोक्यावर कर्ज घेऊन. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात जास्त काळजी ह्याच एका वाक्याची वाटली.

आणि हप्ता भाड्याएवढा येईल हे पण खरं नाही. १६ लाखांचं लोन, वीस वर्षं, नऊ टक्के व्याज धरलं तर महिन्याला १४,४०० च्या आसपास हप्ता बसतो, म्हणजे ताईंचा अख्खा पगार. वर दोन लाखांच्या पतपेढीच्या कर्जाचा हप्ता वेगळा. उरलेल्या १९ हजारातून दोन मुलं, शाळा, रेशन, पास, औषधं, आणि कोणा एकाची नोकरी महिनाभर गेली तर काय? पतपेढीचं कर्ज काढायचंच असेल तर ५०-६० हजार काढा आणि ते भाड्याच्या रूमच्या डिपॉझिटला लावा, मालकाकडून पैसे आले की पहिले ते फेडून टाका.

रूम कुठं बघावी. स्वस्त म्हणून बदलापूर अंबरनाथकडं जाल तर ताईंना ठाण्याला एक लोकल आहे पण दादांना भिवंडीसाठी आधी कल्याणला यावं लागेल, रोज दोन्ही वेळा. म्हणून मी कल्याण, शहाड, आंबिवली, टिटवाळा ह्या बाजूला आधी बघेन, कल्याणहून भिवंडीला एसटी आणि शेअर रिक्षा दोन्ही आहेत. स्टेशनपासून चालत येता येईल अशी रूम हवी, ताई रात्री उशिरा काउंटर बंद करून निघणार, रात्री रिक्षाला रोज पन्नास गेले तर महिन्याचे तेराशे तिथंच गेले, मग भाड्यात हजार वाचवून काय उपयोग. काल्हेर-कशेळी पण दोघांच्या कामाच्या मध्ये पडतं, तिकडंही चौकशी करा. भाडं आणि दोघांचा प्रवास मिळून दहा हजाराच्या आत बसलं पाहिजे असं डोक्यात धरा. आणि ह्या वेळी हेवी डिपॉझिट नाही म्हणजे नाही, मालक कितीही चांगला वाटला तरी. महिन्याला भाडं द्यायचं आणि दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, बस. भाडं वाचतं म्हणून हेवी परवडतं असं वाटतं, पण आयुष्याची सगळी बचत एका अनोळखी माणसाच्या खात्यात जाऊन बसते आणि त्याने खर्च केली की आपल्या हातात काही नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घ्यायचं नाही असं आहे, पण तो राज्याने स्वीकारावा लागतो, आपल्याकडं अजून १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. ही मर्यादा आपल्याकडं यायलाच पाहिजे, ह्या सदरातून मी ते परत परत लिहिणार आहे.

ॲग्रीमेंट मात्र रजिस्टरच करा, घरबसल्या ऑनलाइन होतं, महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये आणि स्टॅम्प ड्युटी एकूण रकमेच्या पाव टक्का, म्हणजे फार नाही. तेच ॲग्रीमेंट पुढं आधारचा पत्ता बदलायला पण चालतं. रूम घ्यायच्या आधी बिल्डिंगचं ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आहे का आणि धोकादायकच्या यादीत नाव आहे का हे बघा, महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी ती यादी काढते.

तोपर्यंतचे आठ-पंधरा दिवस नातेवाइकांकडं काढायला काही हरकत नाही. पण एकदम गावी जाणं मला पटत नाही. सासूबाई मायेनंच म्हणताहेत, पण गावी गेलात की दोन्ही पगार बंद आणि मालकाला मोकळं रान, मग ते साडेतीन लाख विसरायचे. फार तर मुलांना महिनाभर पाठवा, तेही शाळेला सुट्टी असेल तर. शाळा बदलावी लागली तर एवढं लक्षात ठेवा की दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये तसं स्पष्ट आहे.

स्वतःच्या घराचं स्वप्न सोडा असं मी म्हणत नाहीये. त्याचा रस्ता म्हाडा आहे, फक्त तो ह्या महिन्याचा उपाय नाही म्हणून शेवटी लिहितेय. तुमचं दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ४ लाख २ हजार होतं, मुंबई महानगर प्रदेशात ६ लाखांपर्यंत अत्यल्प उत्पन्न गट धरतात, त्यात तुम्ही बसता. डोमिसाइलचा दाखला लागेल, महाराष्ट्रात सलग पंधरा वर्षं राहिल्याचा, नवीन बारकोडवाला. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा किंवा आयटी रिटर्न, दोघांचे आधार आणि पॅन. सासऱ्यांच्या नावावर गावी घर असलं तरी त्याने अडत नाही. कोकण मंडळाची लॉटरी तुमच्या भागासाठी, त्यात शिरढोण, खोणी ही कल्याणजवळची ठिकाणं असतात, आणि विरार-बोळींजसारखी न विकलेली घरं तर लॉटरीशिवाय प्रथम येणाऱ्याला दिली गेलीत, तर त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. जोडीला पंतप्रधान आवासच्या शहरी २.० मध्ये वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ३५ लाखांपर्यंतच्या घराच्या लोनवर १ लाख ८० हजारांपर्यंत व्याजाची सूट आहे, पाच हप्त्यांत मिळते, अट म्हणजे कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नको. कागद आत्तापासून एका फाइलमध्ये लावायला घ्या. नवीन रूममध्ये गेल्यावर आणि मालकाचा पहिला चेक वटल्यावर मला परत लिहा, लॉटरीचा फॉर्म आपण तेव्हा बघू.

प्रश्न: पुण्यात भाड्याने राहतो, बायको आणि मी दोघं आयटी पार्कमध्ये हाउसकीपिंगला. ११ महिने परवा संपले. मालक म्हणतो पाच हजार वाढवा नाहीतर उद्या सामान बाहेर टाकतो, काल पाणी बंद केलं होतं. काढू शकतो का?
एक वाचक, वाकड

उत्तर: स्वतः सामान बाहेर नाही टाकू शकत. मुदत संपल्यावर घर खाली करून घ्यायला त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करायचा असतो, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४. सामान काढायला आला किंवा पाणी परत बंद केलं तर ११२ ला फोन करा आणि चौकीत लेखी द्या. जबरदस्तीने काढलंच तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी कोर्टात ताबा परत मागता येतो. पण ह्याच्या जोरावर सहा महिने बसून राहू असं ठरवू नका, कारण त्याच कलमात लिहिलंय की मुदत संपल्यापासून घर सोडेपर्यंत दुप्पट भाडं द्यावं लागू शकतं, आणि तुमच्या पगारात ते झेपणार नाही. पाच हजार एकदम वाढवणं जास्तच आहे, शेजारच्या दोन-तीन फ्लॅटचं भाडं विचारून घ्या, त्यावरून बोला, आणि जमत नसेल तर एक महिन्याची मुदत लेखी मागून तेवढ्यात दुसरी रूम शोधा.

प्रश्न: आमच्या ओळखीचा एकजण म्हणतो म्हाडात माझा माणूस आहे, ५० हजार दिले तर लॉटरीत नंबर लावून देतो. द्यावे का? आम्ही दोघं सध्या कंपनीच्या खोलीत राहतोय, कंत्राट संपलं की खोली जाणार आहे.
एक वाचक, अंबरनाथ

उत्तर: एक रुपया पण देऊ नका. सोडत कॉम्प्युटरवर निघते, अर्ज स्वतः ऑनलाइन भरायचा, अनामत रक्कम म्हाडाच्याच पोर्टलवरून भरायची आणि नंबर नाही लागला तर ती खात्यात परत येते. म्हाडाने कोणी एजंट नेमलेला नाही, हे ते प्रत्येक जाहिरातीत सांगतात. त्या माणसाने आधीच काही घेतलं असेल तर मेसेज पुसू नका, तेच घेऊन पोलिसांकडं जा. ते ५० हजार भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटला ठेवा, आणि कंत्राट कधी संपतंय ते सुपरवायझरकडून आत्ताच लेखी विचारून घ्या, म्हणजे खोली शोधायला दोन महिने तरी हातात राहतील.